काशीदच्या चढावरचा टेकू

हे लिहू की नको, यातच बरेच दिवस गेले. असले अनुभव मी आजवर फक्त करमणूक म्हणून वाचत आलोय. आमच्या घरात भूतखेत, अंगात येणं, दृष्ट काढणं यांना थाराच नव्हता. वडिलांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या नुसत्या तोंडाने नाही. तिन्हीसांजेला पिंपळाखालून जाऊ नये, असं शेजारची एक बाई म्हणाली, तर त्यांनी मुद्दाम मला तिथेच पाटी घेऊन अभ्यासाला बसवलं होतं. असा मी. आता पन्नाशी उलटलीय, गुडघे कुरकुरतात, आणि खरं सांगायचं तर या विषयावर बोलून बोलून कंटाळाही आलाय. माझ्या ऑफिसातली शिल्पा म्हणाली, "सर, एकदा लिहून टाका, डोक्यातून जाईल." गेलं तर बरंच.

प्रदीप आणि मी परळच्या एकाच चाळीतले. चाळ पडली, टॉवर झाला, आता तो बाराव्या मजल्यावर आणि मी सातव्या. चाळिशीत दोघांनाही शुगर निघाली तेव्हा आम्ही रोड सायकली घेतल्या. बायकांनी वेड्यात काढलं. पण रविवारी पहाटे लालबागवरून रे रोडच्या लाकडाच्या वखारी ओलांडून भाऊचा धक्का गाठायचा, सायकली रो-रो बोटीत चढवायच्या आणि मांडव्याला उतरून दिवसभर भटकायचं, हे आमचं देवदर्शनच झालं (त्याचं म्हणू या, माझं नाही). अलिबाग, नागाव, मग चौलची जुनी तळी आणि पोफळीच्या वाड्या. रेवदंड्याला तर रस्ताच किल्ल्याच्या तटातून आत शिरतो. पुढे खाडीवरचा पूल, कोर्लई, आणि तिथून चढ-उतार, चढ-उतार करत काशीद.

आता टेकू म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. आमची चाळ शेवटची कित्येक वर्षं टेकूंवर उभी होती. जिन्याखाली, गॅलरीखाली, जिथे बघाल तिथे लाकडी खांब. त्यामुळे चढावर एखाद्याचा दम संपला आणि दुसऱ्याने शेजारी येऊन पाठीवर हात लावून ढकललं, की त्याला आम्ही 'टेकू देणं' म्हणायचो. टेकू द्यायचा तो प्रदीपच. माझ्यात तेवढी ताकद कधीच नव्हती. त्याची एक पद्धत होती. बाकीचे लोक उजवीकडून, रस्त्याच्या बाजूने येऊन डाव्या हाताने ढकलतात. हा पठ्ठ्या डावीकडच्या खडीत उतरायचा आणि उजवा हात माझ्या कमरेच्या वर टेकवायचा. मी विचारलं तर म्हणायचा, "डांबर दमलेल्याला. खडीत मी बघतो."

गेल्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला आणि तोच उजवा हात गेला. पाय थोडा सावरला, जीभ थोडी सुटली, हात मात्र नाही. टाचणी टोचली तरी कळायचं नाही. सुरुवातीला त्याने व्यायाम केले. मग एक दिवस फिजिओथेरपिस्टला डाव्या हातानेच 'जा' म्हणून खूण केली, आणि त्यानंतर कोणाचंच ऐकलं नाही. पलंगासमोर भिंतीला त्याची सायकल टांगलेली होती. तिच्याकडे बघत पडून राहायचा. मी ऑफिसातून सुटलो की बाराव्या मजल्यावर जायचो, तासभर एकटाच बडबडायचो आणि खाली यायचो. घरी आल्यावर जेवायचीही इच्छा नसायची. वहिनींचं, म्हणजे मंगलवहिनींचं, तर विचारूच नका. त्यांना दिवसरात्र तेच.

नंतर एका संध्याकाळी तो आपणहून बोलला. "सायकल... निलेशला... दे." निलेश त्याचा पुतण्या, काशीदच्या पुढे नांदगावला राहतो. मी म्हटलं, अरे राहू दे, लागेल तुला. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मला सोडायला वहिनी लिफ्टपर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "घेऊन जा, भावजी. ती गेली की हे पण सुटतील आणि मी पण." त्या कशातून सुटण्याबद्दल बोलत होत्या ते मला कळलं. त्यांनाही ते कळलं असावं, कारण लगेच डोळ्याला पदर लावून आत गेल्या.

त्या रविवारी मी निघालो तो प्रदीपच्या सायकलवर. सीट खाली केली, बाकी कशाला हात लावला नाही. सोबतीला शिल्पा होती. ठाकूरद्वारची पोरगी, चांगली दमाची. ती पुढे मुरूडला जाणार होती आणि मी नांदगावला सायकल देऊन एसटीने परतणार होतो. थंडीचे दिवस, लख्ख ऊन, रस्ताभर ओळखीची गावं. एरवी चौलला आम्ही थांबायचो, रेवदंड्याच्या तटाखाली फोटो काढायचो. मी कुठेच थांबलो नाही. मित्राची सायकल नव्हे, त्याचं काहीतरी पोचवायला निघालोय असं वाटत होतं. कधी एकदा काम संपतंय असं झालं होतं.

काशीदच्या अलीकडे एक चढ आहे. फार मोठा नाही, पण कोर्लईपासूनच्या चढ-उतारांनी पाय आधीच पिळून निघालेले असतात. अर्ध्यावर माझे पाय थांबले. अक्षरशः थांबले. शिल्पा मागे होती. मी पाय पेडलच्या क्लिपमधून सोडवायला गेलो, म्हटलं आता उतरून चालावं. आणि पाठीवर हात टेकला.

कमरेच्या वर, डाव्या बाजूने. पाच बोटं. ढकलणाऱ्या हाताचा एक दाब असतो, तो वाऱ्याचा नसतो आणि पेटक्याचाही नसतो. ज्याला टेकू मिळालाय त्याला तो सांगावा लागत नाही. मला आधी वाटलं शिल्पाच आली. मी डावीकडे बघितलं. तिथे खडी आणि खाली उतार, माणूस नाही. सायकल मात्र चालत होती. मी पेडल मारत नव्हतो आणि मागच्या चाकाची टिकटिक सुरू झाली होती. सायकलवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो... ही टिकटिक उतारावर येते. पाय थांबलेले आणि चाक पुढे पळतंय, तेव्हा. चढावर पाय थांबले तर दोन-चार फुटांतच सायकल थांबते आणि आपण आडवे होतो.

वरपर्यंत तसाच गेलो. वर पोचल्यावर पाठ मोकळी झाली. मी बाजूला उतरून कठड्यावर बसलो. मागून शिल्पा धापा टाकत आली आणि म्हणाली, "सर, पाय न हलवता कसे चढलात तुम्ही?" मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

खाली काशीदला टपरीवर चहा सांगितला आणि फोन वाजला. वहिनी. त्या सांगत होत्या की मघापासून प्रदीप कण्हतोय, 'हात, हात' म्हणतोय, उजवा खांदा नुसता ताठलाय आणि घामाने सदरा भिजलाय. पुन्हा झटका आला की काय म्हणून त्यांनी खालच्या डॉक्टरांना बोलावलं होतं. "झटका नाही म्हणतात. हात दुखतोय त्यांचा, भावजी. तो हात. डॉक्टर म्हणाले, दुखतोय म्हणजे चांगलंच आहे."

मी फोन ठेवला आणि चहा तसाच सोडून सायकलवर बसलो.

नांदगावला गेलो. निलेशला म्हटलं, सायकल देत नाही, फक्त दाखवायला आणली. तो हसला आणि म्हणाला की त्याला स्कूटीच बरी पडते, काकाचं मन मोडू नये म्हणून हो म्हणाला होता. सायकल मी बोटीतून परत आणली आणि त्याच भिंतीला टांगली. प्रदीपने बघितलं, पण कशाला आणलीस असं विचारलं नाही.

यावर मी माझ्यापरीने पुष्कळ डोकं चालवलंय. शुगर लो झाली असेल, भास झाला असेल. मग शिल्पाने काय बघितलं? समुद्राचा वारा असेल. तो त्या दिवशी समोरून होता. हाताची जाणीव परत येते, डॉक्टरांनी अशी उदाहरणं सांगितली. ती त्याच सकाळी का यावी? एकेका गोष्टीला उत्तर मिळतं, सगळं मिळून नाही मिळत.

त्यानंतर मी जवळपासच फिरत राहिलो, सपाटीला. हाताचं दुखणं दोन दिवसांत गेलं आणि हात पुन्हा होता तसा झाला. मग एका रविवारी मी कर्जतकडे गेलो, वाटेत दोन-तीन बरे चढ लागले. मला काही जाणवलं नाही, दमलो तसा उतरून चाललोही. संध्याकाळी वर गेलो तर वहिनी प्रदीपच्या पुन्हा ताठलेल्या हाताला तेल चोळत बसलेल्या. मी कुठे जाऊन आलो ते मी सांगितलं नव्हतं. माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "भावजी, जायचं तर सपाट रस्त्याने जात जा. रात्रभर हा हात चोळत मलाच बसावं लागतं." मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

मी म्हटलं, बरं, नाही जात चढाला. तेव्हा प्रदीपने मान वळवली. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला, आम्ही दोघेही थांबलो.

"जा," तो म्हणाला. "दुखू दे."

वहिनींचा हात थांबला. मग त्यांनी आणखी तेल घेतलं आणि खांद्यापासून पुन्हा चोळायला सुरुवात केली. मी खाली आलो. याचा अर्थ मला आजही लागलेला नाही, आणि वडील असते तर त्यांना काय सांगितलं असतं तेही माहीत नाही. उद्या रविवार आहे. माळशेजचा चढ मला या वयात झेपणार नाही हे ठाऊक असूनही मी गजर लावलाय.