माझ्याशिवाय झालेली चकती

परदेशातल्या आमच्या प्रयोगशाळेत माझ्या हाताची ख्याती होती, आणि ती मला फार आवडायची. आम्ही क्वांटम संगणकाच्या चिप बनवत होतो. त्यातला नाजूक भाग म्हणजे जोड: ॲल्युमिनियमचे दोन थर आणि मधे ऑक्साइडचा पापुद्रा. पापुद्रा जरा जाड-पातळ झाला की सगळी मेहनत पाण्यात. इतरांच्या कितीतरी चिप वाया जायच्या, माझी क्वचितच. हात बसला होता.

मग ठरलं की हेच काम नेहमीच्या चिपच्या कारखान्यात करायचं. ताटाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीवर, यंत्रांनी, हजारो जोड, सगळे सारखे. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "तू हाताने जे जे करतेस ते लिहून दे." मी मान डोलावली आणि महिनाभर टाळाटाळ केली. एकदा लिहून दिलं की मला कोण विचारणार? आपल्याच पायावर धोंडा कोण मारून घेईल?

तशीच सुटीवर गावी, औशाला आले. स्टँडजवळ वडिलांचं, आप्पांचं, शिलाईचं दुकान आहे. लग्नाचा कोट शिवायला त्यांच्याकडे लातूरहून लोक येतात. त्या आठवड्यात मात्र ते शाळेचे गणवेश बेतत होते. कापडाचे थरावर थर, वर खडूची एकच रेघ. मी चिडवलं, "हे काय तुमच्या हातचं काम झालं?"

आप्पांनी मान वर केली नाही. "कोट चुकला तर एकाची माफी मागता येती. हितं खडू सूतभर सरकला तर सगळी शाळा वाकडी दिसंल. हे लई अवघड हाय, बाई."

मला राग आला, कारण ते खरं होतं. दुपारी दुकानातच लिहायला बसले. हवा किती वेळ उपसायची, ऑक्सिजन किती सोडायचा, कधी थांबायचं. प्रत्येक ओळीत 'अंदाजाने' येत होतं. तो शब्द खोडून तिथे आकडा लिहिताना चार दिवस घाम फुटला. मला स्वतःलाच माझं काम तेव्हा कळलं.

चकती प्रत्यक्ष कारखान्यात चढली तेव्हा साहेबांनी मला मुद्दाम रजेवर पाठवलं. मी नसताना जमतं का, हेच बघायचं होतं. दिवाळी होती, मी औशात होते, आणि फोन हातातून सुटत नव्हता. चार दिवसांनी फोन आला. मला कधीही न भेटलेल्या माणसांनी माझा कागद वाचून चकती केली होती, आणि काठापासून मध्यापर्यंत सगळे जोड सारखे निघाले होते.

मी धावत दुकानात गेले. आप्पांनी एकच विचारलं, "तू व्हतीस का तिथं?"

"न्हाई."

इतका अभिमान मला माझ्या हातच्या एकाही चिपचा वाटला नव्हता. आप्पा समोरच्या गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाले, "आमच्या पोरीनं बेतलं, परक्यांनी शिवलं. तरी बरोबर बसलं."