दसऱ्याच्या पाटावरचं पिस्तूल

२००७ साली अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावी पोचले तेव्हा फॉल (पानगळीचा मोसम) ऐन भरात होता. लाल-केशरी डोंगर बघून प्रवासाचा शीणच गेला. धाकटा भाऊ श्रीकांत गाडी चालवत होता. मागे त्याची आठ वर्षांची सई एमिलीबद्दल अखंड बोलत होती. शाळेतली तिची एकुलती एक मैत्रीण!

घरी भावजय स्मिताने गरम खिचडी वाढली आणि हळूच म्हणाली, "ताई, ह्यांनी पिस्तूल घेतलंय." अगंबाई! हाच श्रीकांत पूर्वी फोनवर तावातावाने म्हणायचा, "इथल्या लोकांना बंदुकीचं वेड लागलंय." मग गल्लीतल्या एका मराठी घरी चोरी झाली, सोनं गेलं आणि याचं मत पार फिरलं.

"ताई, पोलीस येईपर्यंत काय चोरांची आरती करू?" तो म्हणाला.

दसऱ्याला पाटावर सईची पुस्तकं, लॅपटॉप, स्मिताची विळी मांडली. "शस्त्रपूजा ना? मग खरं शस्त्र ठेवू," म्हणत श्रीकांतने गोळ्या काढून पिस्तूल मधोमध ठेवलं. मी नको नको म्हणतेय, तोवर हळदकुंकू लावून वर झेंडूही वाहिला. आपटा कुठला मिळायला! मेपलची पानं सोनं म्हणून द्यायला सईने एमिलीला बोलावलं होतं.

एमिलीला सोडायला तिची आई आत आली आणि पाटापाशी थिजलीच. "तुम्ही याची पूजा करता?"

श्रीकांत घाईघाईने समजावू लागला: अवजारांची, पुस्तकांची पूजा, वर्षातून एकदाच, रिकामंच आहे ते.

"माझा भाऊ असल्याच पिस्तुलाने गेला," ती शांतपणे म्हणाली. "तेही रिकामंच आहे असं सगळे समजत होते." लेकीचा हात धरून ती गेली. सई दारात रडत उभी राहिली.

मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण कुणावर काढू? पेपर वाचून कुठे कुणाचं मत बनतं? एकाच्या गल्लीत चोरी होते, एकीचा भाऊ जातो.

मी निघेपर्यंत एमिली आली नाही. विमानतळावर श्रीकांत मान खाली घालून म्हणाला, "विकून टाकतो, ताई."

नागपूरला पोचल्यावर काही दिवसांनी फोन केला, तो सईने उचलला. पिस्तूल विकलं होतं.

"बाबांनी एमिलीच्या मम्मीला सांगितलं, आत्या. शी सेड थँक यू," सई म्हणाली. "पण एमिलीला आता दुसरी बेस्ट फ्रेंड आहे."