भरीव संत्रं

मी दोन बायकांना फसवलं. एक माझी माय, आणि दुसरी पुण्यात काचेच्या वस्तू विकणारी एक बाई, जिचं नाव मी विचारलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी माझी बाजूही मांडणार आहे आणि मला बोलता चांगलं येतं. वाचणाऱ्याने त्याला भुलू नये.

बोलता येतं, एवढ्याच भांडवलावर मी घरून निघालो. सौंसरच्या स्टँडवर नागपूरची बस लागली होती. बाबांनी माझी रेग्झिनची बॅग टपावर चढवली, दोरी दोनदा ओढून पाहिली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "तोंड हाये तुह्यापाशी. उपाशी नाही मरणार तू." बस सुटेपर्यंत ते दुसरं काही बोलले नाहीत. माय गावी, रामाकोन्याला, घरीच होती. दादा आला नव्हता. डोळे बांधायचे दिवस होते, त्याला बागेतून हलता येत नव्हतं.

डोळे बांधणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्यांना सांगायला नको; पुण्यातल्यांसाठी सांगतो. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या रोपाच्या सालीला चाकूने काप देतात, त्यात संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट बसवतात आणि पट्टी बांधतात. काप एकदाच द्यायचा. दुसऱ्यांदा चाकू फिरला की सालीच्या चिंध्या होतात आणि डोळा मरतो. बाबांनी हे दादाला शिकवलं. मला एकदाच चाकू दिला, तेव्हा मी बारा वर्षांचा असेन. काप नीट पडला नाही म्हणून मी पुन्हा दिला, मग चिडून तिसऱ्यांदा दिला. बाबांनी चाकू काढून घेतला. "याचे हात तापट हायेत. याच्या हातचा डोळा जगत नाही." त्यानंतर त्यांनी मला बागेत कमी आणि व्यापाऱ्यांसमोर जास्त उभं केलं. मिसरूड फुटायच्या आत मी नागपूरच्या व्यापाऱ्याला बाग दाखवायचो आणि त्याच्या तोंडून आमचा भाव वदवून घ्यायचो. बाबा मागे उभे राहून गालातल्या गालात हसायचे.

तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की बापाने मला फसवलं. एका पोराला हात दिले आणि दुसऱ्याला नुसतं तोंड.

पुण्यात ते तोंडच कामी आलं. आधी फळांची गाडी, मग जुन्या खुर्च्या, मग बंद पडणाऱ्या ऑफिसांचं फर्निचर. आज माझं गोडाऊन आहे. कंपनी गाशा गुंडाळायला लागली की मी व्हिजिटला जातो, सगळा लॉट एकदम उचलतो आणि सुटा करून विकतो. लोक माझ्याशी भाव करायला घाबरतात, आणि मला ते आवडतं. इथे पहिल्याच वर्षी माझ्या "करून राहिलो"ला लोक हसले, तेव्हापासून मी ते गिळलं. आता फक्त संतापलो की बाहेर येतं. म्हणजे तसं रोजच.

काचेची गोष्ट अशी. एका ऑफिसच्या कॅन्टीनच्या दारात रंगीत काचांची तसबीर बसवलेली होती, हिरव्या पानांची वेल. दोन पानं फुटली होती, म्हणून गिऱ्हाईक मिळेना. फेकून देण्यापेक्षा दुरुस्त करून चार पैसे करू, म्हणून मी मोबाइलवर काचकामाचे व्हिडिओ बघत बसलो. कटर आणला, तांब्याची चिकटपट्टी आणली, सोल्डरिंग आयर्न आणलं. ती तसबीर मी अजून विकलेली नाही.

काचेवर कटर फिरवला की बारीक किर्र आवाज येतो. रेघ एकदाच मारायची. मग दोन्ही अंगठ्यांनी हलकं दाबायचं, आणि काच अगदी त्या रेघेवर सुटते. पहिल्या महिन्यात मी खात्रीसाठी दुसऱ्यांदा रेघ मारायचो आणि काच वाकडीतिकडी फुटायची. शिव्या देऊन पाहिल्या. काच ऐकत नाही, तिच्याशी घासाघीस चालत नाही. एका रविवारी सकाळी एक पान रेघेबरहुकूम हातात आलं, तेव्हा मी गॅलरीत एकटाच हसत होतो. मग नाद लागला. तुकड्याची धार घासायची, तिला तांब्याची पट्टी गुंडाळायची, तुकडे जुळवायचे आणि सांध्यावर सोल्डर सोडायचं. ते वितळून पाऱ्यासारखं धावतं आणि तिथल्या तिथे थांबतं. मी पोपट केला, पतंग केला, कपाशीचं बोंड केलं. सगळे थोडे बेढब, पण ऊन आलं की गॅलरीच्या फरशीवर रंग सांडायचे. बायको म्हणायची, रविवारी तुमचा आवाज येत नाही, बरं वाटतं.

तिनेच हे फोनवर मायला सांगितलं. मायने मला फोनवर बोलावून घेतलं. "काचेचं काय करून राहिला म्हणते तू? माह्यासाठी एक संत्रा कर. तुह्या बापाच्या फोटोपाशी खिडकीत लावू."

फोटोपाशी. बाबा वारले होते, आता फोटोतच होते. तो शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही.

मी बाजारातून संत्रं आणलं, आडवं कापलं आणि समोर ठेवून काम सुरू केलं. आमच्या संत्र्याच्या मधोमध पोकळी असते. फोडी कडेने चिकटलेल्या आणि मध्ये मोकळं. ती पोकळी काचेत ठेवणं सगळ्यात अवघड. अकरा फोडींची अकरा टोकं त्या भोकाभोवती यायची, टोकं तुटायची, सोल्डर भोकातून खाली टपकायचं. दोन रविवार गेले. झालं एकदाचं, पण एक फोड मोठी, भोक लांबट आणि सांध्यांवर सोल्डरच्या गाठीच गाठी. पोपट-पतंगाला ते चाललं असतं. हे बाबांच्या फोटोशेजारी लागणार होतं, आणि मला त्या फोटोतून ऐकू येत होतं, याचे हात तापट हायेत.

दिवाळीच्या आधी एका हॉलमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन होतं. तिथे त्या बाईच्या टेबलावर काचेचं संत्रं लटकत होतं. सांधे असे गुळगुळीत की बोट घसरावं. तिच्या बोटांवर भाजल्याचे डाग होते, काही जुने, काही ताजे. मला ते ओळखता येत होते, माझ्याही बोटांवर तेच होते. मी हात खिशात घातले.

"तुम्ही करता का काचेचं काम?" तिने विचारलं. मी ते ज्या तऱ्हेने उजेडाकडे धरलं होतं, त्यावरून तिला वाटलं असावं.

"नाही," मी म्हणालो.

मग मी भाव केला. कसा केला तेही सांगतो. म्हणालो, मी संत्र्याच्या मुलखातला माणूस, मला शिकवू नका. संत्रं मध्ये पोकळ असतं. हे तुमचं भरीव आहे, हा माल्टा झाला, मोसंबीच्या जातीचा. चुकीची वस्तू पूर्ण किमतीला कशी विकता? ती गडबडली. "काका, डिझाइन असंच असतं हो, पॅटर्न तसाच येतो," म्हणाली. मग हळू आवाजात म्हणाली, "मी बाग पाहिलेली नाही कधी." मी गप्प राहिलो. गप्प राहणं हे भावातलं शेवटचं हत्यार, ते मी व्यापाऱ्यांकडून शिकलो. तिने अर्ध्याहून खाली दिलं आणि वर कागदात नीट गुंडाळूनही दिलं.

दिवाळीत मी रामाकोन्याला गेलो. मायचं माहेर पांढुर्ण्याकडचं, तिच्या बापाची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका होती. आता तिला लांबचं धूसर दिसतं, पण फळ हातात आलं की ते कोणत्या बहाराचं, मृगाचं की आंबियाचं, ते सांगते. तिने काच खिडकीच्या उजेडात धरली. दादा मागे उभा होता.

"तूच केलं?"

"हाव."

"मधात पोकळ नाही ठेवली का रे?"

"डिझाइन असंच राहते, माय."

त्या बाईचंच वाक्य, जसंच्या तसं. माय म्हणाली, "राहत असंल." दादा पंप बंद करायचा आहे म्हणून बाहेर गेला. पंप चालू नव्हता. मला वाटलं, निभावलं.

संक्रांतीला मी सहज फोन केला, लावलं का म्हणून. दादाने आधी तब्येत विचारली. मग म्हणाला, "ते सैपाकघरात लावलं तिनं. फोटोपाशी खिळा ठोकून ठेवला हाय, रिकामा. लोक विचारतात त म्हणते, माह्या पोराचं येऊन राहिलं."

मी फोनवरच भडकलो. तुले माहीत होतं त तवाच बोलला कायले नाही, असं ओरडलो. दादा शांतपणे म्हणाला, "तुह्याशी कोण बोलते बापा. तू खऱ्याचाही भाव करते."

मी फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन बसलो. रिकामा खिळा डोळ्यांसमोरून हलेना. मी तिला खोटं दिलं होतं आणि तिने ते घेऊन, मला काही न म्हणता, खऱ्यासाठी जागा राखली होती. मी आयुष्यात शेकडो सौदे केले. समोरच्याने असं कधी केलं नव्हतं.

माझ्यासारखे निघून आलेले बरेच आहेत. आपण गावी जाताना काहीतरी गुळगुळीत घेऊन जातो. तिकडे सगळं झकास आहे असं सांगतो, आणि समोरचे "राहत असंल" म्हणतात. ते आपल्याला भोळे वाटतात. ते भोळे नसतात, ते वाट बघत असतात.

फाल्गुनात, मृगाचा माल झाडावर असताना, मी माझं गाठींचं संत्रं घेऊन गेलो. मायच्या हातात दिलं. तिने पाहायच्या आधी बोट फिरवलं. एका गाठीवर थांबली, मग दुसऱ्या. मग मधल्या भोकात करंगळी घालून पाहिली आणि हसली.

"कलमाच्या गाठी अशाच राहतात," ती म्हणाली. "तुह्या बापानं पहिल्या साली बांधलेले डोळे सारे मेले व्हते. एक नाही जगला. माह्या बापानं पुन्हा फांद्या देल्ल्या, मंग जमलं त्याले. हे तो कोणाले सांगू देत नव्हता."

मी फोटोकडे पाहिलं. तीस वर्षं जपलेली तक्रार अशी एका वाक्यात हलकी होईल, असं मला वाटलं नव्हतं. रागही आला, की हे मला बारा वर्षांचा असताना का नाही सांगितलं. पण तो राग कोणावर काढावा, हे कळेना. दादाने संत्रं खिळ्याला लावलं. मधल्या भोकातून मागची बाग दिसत होती.

मी सुटलो असं समजत होतो. माय सैपाकघरातून दुसरं संत्रं घेऊन आली, पदराने पुसत.

"अन् हे कोणाचं?"

"एका बाईचं. पुण्यातल्या."

"नाव काय तिचं?"

"नाही विचारलं."

"हात त पाह्यले असतील तिचे."

"पाह्यले."

तिने माझी बोटं उलटसुलट करून पाहिली, तिथे ते डाग आहेतच. मग तिने संत्रं माझ्या हातात ठेवलं. "जिचं हाये तिले नाव अन् खरा भाव विचारून ये. अथी, ह्या घरात, नाही राहणार हे."

त्या हॉलमध्ये पुन्हा दोनदा प्रदर्शन भरलं, मी दोन्हीदा गेलो. ती नव्हती. शेजारच्या टेबलवाल्यांना आठवत नव्हती, आणि मला सांगायला नावही नव्हतं. ज्या गल्ल्यांत काचेचं सामान मिळतं तिथे विचारलं. अजून विचारतो.

घर कुठे, असं मला कोणी विचारलं तर पूर्वी मी गोडाऊनचा पत्ता सांगायचो. आता मला रामाकोन्याची ती खिडकी आठवते, कारण तिथे माझ्या बोलण्याला भाव मिळत नाही आणि माझी वाकडी वस्तू लागते. पण तिथे परत जाताना मायला काय सांगायचं, हे अजून ठरलेलं नाही.

ते भरीव संत्रं मी गोडाऊनमध्ये टेबलाच्या वर टांगलं आहे, जिथे बसून मी भाव करतो. येणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. तुम्ही पुण्यातले असा की सौंसरचे, आलात तर खुर्चीचा भाव नंतर करा. आधी वर बोट दाखवून मला विचारा, हे कोणी केलं, तिचं नाव काय, आणि तू तिला काय दिलंस? मी विषय बदलेन. चहा मागवीन. चहा घेऊ नका, उत्तर घ्या.