फक्कीचं घर

तातेराव गुरुजी बद्रीनाथ वकिलांच्या ओसरीवर पहिल्यांदा उगवले, तेव्हा त्यांच्या काखेतल्या राज्यघटनेच्या वजनानं अख्खं मस्तगड त्या बाजूला कललं, असं सांगणारे लोक जालन्यात आहेत. गुरुजी नुसते खाकरले, तर ओसरीवर भांडत बसलेले दोन पक्षकार आपसात तडजोड करून निघून गेले. मग गुरुजींनी विचारलं, "वकीलसाहेब, एखादा रंग घटनाबाह्य असू शकतो का?"

वकिलांना वाटलं, होळीची भानगड असावी.

भानगड नकाशाची होती. गुरुजींनी नोकरीत असताना गावाच्या कडेला एक प्लॉट घेतला होता. पुढे शहराचा विकास आराखडा आला. त्यात पिवळा रंग म्हणजे राहायची जागा, हिरवा म्हणजे बगीचा. गुरुजींचा प्लॉट हिरवा निघाला. बगीच्यासाठी आरक्षित, घर बांधायला मनाई.

"जल्मभर आरक्षण आरक्षण केलं गुरुजी," बालमित्र कडूबा म्हणाला, "घ्या, मातीला बी मिळालं!"

गुरुजी पोट धरून हसले. त्यांची बायको गिरिजाबाई जाऊन वर्ष झालं होतं. नांदेडला नोकरीवर असलेला मुलगा देवानंद म्हणाला होता, "भाड्याच्या खोलीत लेकरंबाळं कुठं आणू, बाबा? घर बांधा, मंग बदली मागून येतो."

वकील म्हणाले, "मालमत्ता मूलभूत हक्क आहे. केस बराबर उभी राहील."

"केस उभी ऱ्हाईल तवर मी घर आखून ठेवतो."

केस मुंबईला गेली. गुरुजींनी चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर घर आखलं. पूर्वेला स्वयंपाकघर, मागं देवानंदची खोली. पाऊस घर धुऊन न्यायचा, गुरुजी पुन्हा आखायचे. रोज संध्याकाळी खोलीवरून चालत यायचे, दारात चपला काढायचे आणि माजघरात बसायचे.

"आरं भिंतीतून काय येऊन राह्यला? दार तिकडं हाय!"

कडूबा पुटपुटत वळसा घालायचा. "कडी वाजवू का?"

"वाजव."

कडूबा जिभेनं टक्‌टक् करायचा. "हाय का कुणी घरात?"

"ये, ये. घर तुझंच हाय."

पुढे कडूबाला त्याची लेक टेंभुर्णीला घेऊन गेली. मग दारातून कुणी येईना, की भिंतीतून. कधी एखादी शेळी सरळ स्वयंपाकघरात शिरायची. गुरुजी तिला हाकलत नसत.

एकोणऐंशी साली वकिलांनी बोलावून घेतलं. "गुरुजी, घटनादुरुस्ती झाली. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. आपली केस ज्या कलमांवर उभी होती, ती कलमंच गेली."

गुरुजींनी आपली प्रत उघडली. "माझ्या पुस्तकात तर हायेत की."

"तुमचं पुस्तक जुनं झालं."

गुरुजींनी पुस्तक मिटलं. "बराबर हाय. दुरुस्तीची सोय घटनेतच हाय. मीच शिकवायचो पोरांना."

त्या संध्याकाळी ते प्लॉटवर गेले. देवानंदच्या खोलीला खिडकी काढायची राहिली होती, ती काढली. मग दारात येऊन चपला घातल्या आणि दार लोटल्यासारखा हात केला.

पुढच्या वर्षी देवानंदनं नांदेडला सासऱ्यांच्या शेजारी घर बांधलं. तो प्लॉट पिवळा होता.