भालेराव सरांची शिडाची होडी

वर्गात शिरण्याआधी भालेराव सर दारात थांबत, बोट ओलं करून हवेत धरत. वारा कुठून येतोय हे ठरल्याशिवाय त्यांचा भूगोलाचा तास सुरू होत नसे. चाकूरच्या त्याच शाळेत मी ग्रंथालय सांभाळायचो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हा काही धार्मिक रिवाज वाटला आणि मी तसं विचारलंही. सर म्हणाले, "आमच्यात बुद्धवंदना असते, पुस्तकवाले. हे वाऱ्याचं माझं एकट्याचं खूळ हाय."

पुढे त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. मी पुस्तकवालेच राहिलो. एखाद्या पोराने नकाशातल्या नद्या धडाधड म्हणून दाखवल्या, की ते म्हणत, "नकाशात निळं दिसलं म्हणून घागर भरत न्हाई." ज्या जिल्ह्याने दुष्काळात रेल्वेने आलेलं पाणी प्यायलं, तिथल्या पोरांना याचा अर्थ विचारावा लागत नसे.

निवृत्तीनंतर या माणसाने कोकणातून एक जुनी शिडाची होडी विकत घेतली. लाकडी, दोघे बसतील एवढी. तिकडे मिरची पोचवून धर्माबादला परतणाऱ्या ट्रकमधून ती आली. उतरवून घेताना आम्ही सगळे शिंकत होतो. सरांच्या पत्नी सुमनताई, म्हणजे आमच्या वहिनी, दारातूनच म्हणाल्या, "पाणी भरायचं असतं. त्याच्यावर बसायचं नसतं." शेजारी रोज विचारायचे, सर, पूर येणार हाय का. सर शांतपणे सांगायचे, आधी नळाला येऊ द्या.

शीड कसं बांधावं, सुकाणू कसं धरावं, याची पुस्तकं मी मागवून दिली. होडी मात्र अंगणातल्या पत्र्याखालीच राहिली. सर रोज तिला कोरड्या फडक्याने पुसत. पावसाचा थेंब पडला तरी धावत जाऊन झाकत. आमच्याकडे मोलाची वस्तू अशीच जपतात.

पावसाळा सरता सरता सरांना रक्ताचा आजार निघाला. मोठे उपचार सुरू करण्याआधी नांदेडच्या डॉक्टरांनी थोडी मुदत दिली. त्या मुदतीत होडी पाण्यात घालायची, असं सरांनी ठरवलं. वहिनींना पाण्याची मुळातच धास्ती, त्यात हे दुखणं. त्यांनी एकच अट घातली. एकदा प्रयत्न करा. जमलं नाही, तर होडी विकायची आणि पुन्हा तिचं नाव काढायचं नाही. सरांनी कबूल केलं.

लिंबोटी धरणाच्या काठावरच वहिनींचं माहेर. तिथे टेम्पोने होडी नेली. गावातला एक भोई सोबतीला आपली होडी घेऊन आला. सरांनी तरंगायचं जॅकेट चढवलं, आम्ही होडी लोटली. ती तरंगली, आणि मी श्वास सोडतो न सोडतो तोच फळ्यांच्या प्रत्येक सांध्यातून पाणी आत येऊ लागलं. बघता बघता ते सरांच्या पोटऱ्यांपर्यंत चढलं. भोयाने दोर टाकून त्यांना परत ओढून आणलं.

सर काठावरच्या दगडावर बसून राहिले. कुणावर चिडले नाहीत. मला म्हणाले, "विकून टाका, पुस्तकवाले. कबूल करून बसलोय." आवाज अगदी साधा होता, म्हणून तो ऐकवत नव्हता.

वहिनी त्यांच्याकडे बराच वेळ बघत होत्या. त्यांना हवं होतं ते आता न बोलताच होणार होतं. मग त्या म्हणाल्या, "अवो, उन्हाळ्यात गाडीचं चाक वाळलं की काय करत्यात?"

सरांनी मान वर केली.

"पाण्यात टाकत्यात. लाकूड फुगलं की लोखंडी धाव घट्ट बसती. तुमी हिला पापडासारखी वाळवून ठिवली. टाका हिला पाण्यात, ऱ्हाऊ द्या चार दिस."

सरही खेड्यातलेच. चाकं भिजवायला लहानपणी तेही ओढ्यावर जात. पण होडी त्यांच्या लेखी पुस्तकातून आलेली वस्तू होती. तिचं नि बैलगाडीच्या चाकाचं लाकूड सारखंच वागेल, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ते हसले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "लई गल्लत झाली," म्हणाले.

आम्ही दगड भरून होडी काठाशी बुडवून ठेवली आणि वहिनींच्या माहेरी मुक्काम केला. चार दिवसांनी दगड काढून, पाणी उपसून ती पुन्हा लोटली. एखादा सांधा जरा पाझरला, बाकी सगळे मिटले होते. सरांनी शीड उभारलं. वाऱ्याने ते भरलं आणि होडी पार पाण्याच्या मध्यापर्यंत गेली. वहिनी पाठ करून उभ्या होत्या आणि मला विचारत होत्या, दिसत्यात का. मी सांगत होतो, दिसतात. मग शीड दुसऱ्या बाजूला वळलं आणि होडीचं तोंड आमच्याकडे झालं. "वहिनी, येतायत," मी म्हणालो, तेव्हा कुठे त्या पाण्याकडे वळल्या.

उपचारांच्या मधल्या बऱ्या दिवसांत सर पुष्कळदा धरणावर गेले. गेल्या महिन्यात ते गेले, घरी, झोपेत. भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी आधी चहा केला. चहा झाल्यावर म्हणाल्या, "त्या दिशी मी गप बसणार होते, भाऊजी. मनात आलं होतं गप बसायचं. बसले न्हाई, म्हणून आता झोप तरी लागती."