अर्थिंगच्या ताराले बांधलेला नवरदेव

माह्या दुकानाच्या दारात कोणी उभं राह्यलं की मी हातातलं काम टाकतो आणि आधी उठतो. मग कम्प्युटर उघडा पडलेला असो की पंखा अर्धा बसवलेला असो. गिऱ्हाईक म्हणते, दिलीपभाऊ लय अदबशीर माणूस आहे. अदबशीर कायचा? पोळलेला आहे मी. तुम्ही चहा सांगा, मी सांगतो कसा पोळलो ते. फक्त मधात हसू नका. हसाचं असन तर शेवटी हसा, तेव्हा मीही हसतो.

गोष्ट ऐंशीनंतरची, हिंगणघाटले घरोघरी अजून टीव्हीही नव्हते तेव्हाची. पण सुरुवात वर्ध्याची आहे. मी तिथं रेडिओ दुरुस्तीचा कोर्स करत होतो. वरच्या मजल्यावर आमचा क्लास, खालच्या मजल्यावर टायपिंगचा, आणि जिना एकच. खालच्या क्लासात आंजीहून बसनं एक मुलगी येत होती. कुंदा. तिचे वडील भाऊरावजी, आंजीले वांगे-भेंडीची वाडी करणारे. हे सगळं मी तिच्याशी एक शब्द न बोलता गोळा केलतं, आता काय लपवाचं तुमच्यापासून?

एक दिवस तिच्या मशीनचं एक बटन अडकलं. मास्तर बाहेर गेलते. मी जिन्यावर असाच उभा होतो. असाच म्हणजे रोजच्यासारखा. मी आत गेलो, पेचकसानं बटन मोकळं करून देल्लं. तिनं दोन अक्षरं मारून पाह्यली आणि मले विचारलं, "कम्प्युटरवर म्हणे अक्षर काचेवर उमटते, आन चुकलं तर पुसताही येते. खरं हाये काय?"

"हाव."

"तुम्ही पाह्यला?"

"पाह्यला ना."

डोंबल पाह्यला. पुस्तकातला फोटो पाह्यलता, तोही काळा-पांढरा.

"मले दाखवान एखाद दिवस?"

"दाखवतो. तुमचंच नाव काढून दाखवतो."

ती हसली आणि पुन्हा टायपिंग कराले लागली. माह्या आयुष्यात तिच्याशी झालेलं बोलणं ते एवढंच. तुम्ही म्हणान एवढ्यावर कोणी जीव टाकते काय? टाकते बुवा. माह्या त्या वयात एवढं पुष्कळ होतं.

कोर्स संपला, जिना सुटला. मले हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगच्या हापिसात नोकरी लागली. मोटारी, पंखे, फोन, जे बिघडन ते माह्याकडे. पण गावात कुठं टाइपरायटर खडखडला की माह्ये पाय थांबत. कचेरीसमोर अर्ज टाइप करणारा एक म्हातारा बसे. मी उगाच त्याच्याजवळ उभा राहो. तो विचारे, काय टाइप करू? मी म्हणो, काही नाई, तुमचं चालू द्या. आंजीची बस स्टँडवर लागली की मी पाटी वाचो, जसं काही पाटी रोज बदलते. बोललो मात्र कोणाशी नाई. बोलणार काय होतो? आधी कम्प्युटर तर पाहिजे ना दाखवाले.

आणि पाहा, जिनिंगच्या शेठजीनं एक कम्प्युटर घेतला! हिशोब लवकर होते म्हणून कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं. मशीन आली, थोडे दिवस चालली आणि ऐन उन्हाळ्यात मरून पडली. नागपूरचा माणूस म्हणे, मदरबोर्ड गेला, नवीन पाठवतो, बसवणारा आमच्याकडे मोकळा नाई. शेठजीनं माह्याकडे पाह्यलं. मी म्हणलं, बसवतो. "दाखवतो" म्हणलतं त्याच तोंडानं.

त्याच हप्त्यात माह्या मामानं आंजीले लग्नाची गोष्ट काढली. माय मामाच्या मागं लागलती आणि मी मायच्या. भाऊरावजी म्हणाले, पोरगा ठीकच असन, पण नोकरीची जागा एकदा डोळ्यानं पाहून घेतो. मामा म्हणे, घरी बोलवू. मी म्हणलं, घरी कायले? हापिसातच येऊ द्या. मनात म्हणलं, काका येतील, मशीन चालू असन, काचेवर हिरव्या अक्षरात पोरीचं नाव असन. ते घरी जाऊन तिले सांगतील. झालं, यापेक्षा मोठं स्थळ आंजीच्या माणसाले कुठं भेटणार होतं?

ते येणार त्याच दिवशी सकाळच्या बसनं बोर्ड आला.

बोर्डासोबत एक पुस्तक होतं. त्यात पहिल्याच पानावर ताकीद होती. माणसाच्या अंगात करंट साचते, तो बोर्डाले लागला तर बोर्ड जळते, म्हणून मनगटाले तार बांधून तो जमिनीशी जोडा. दुसऱ्या गावच्या माणसानं हे वाचून सोडून देल्लं असतं. पण आम्ही जिनिंगवाले. उन्हाळ्यात रुईच्या ढिगातून चालत येऊन लोखंडी दाराले हात लावला की असा चटका बसते की माणूस दाराले शिवी देते. म्हणून ते पान मले शंभर टक्के पटलं.

मी तांब्याचा तार सोलला, डाव्या मनगटाले चांगले वेढे मारले, दुसरं टोक खिडकीतून आंगणात नेऊन अर्थिंगच्या पाइपाले आवळलं. अर्थिंगचा खड्डा उन्हानं कोरडा पडलता. त्यात मीठ आणि पाणी टाकल्याशिवाय करंट जमिनीत उतरत नाई, हे तुम्हाले माहीत असन. म्हणून आमच्या गणपतराव चपराश्याले बसवलं खड्ड्याजवळ, मिठाची थैली आणि बादली देऊन. गणपतरावले काम करताना तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घ्याची सवय.

टेरिलिनच्या कपड्यात करंट लय साचते, म्हणून नवाकोरा शर्ट काढून खुंटीले लटकवला. खास त्या दिवसासाठी शिवलता तो. चपला शेठजीच्या नियमानं बाहेरच. शेठजीनं सकाळी बोर्डाची पूजा केलती आणि उरलेलं कुंकू माह्या कपाळाले फासलतं. ते घामानं नाकावर आलतं.

आता चित्र डोळ्यापुढं आणा. मले तेव्हा आणता नाई आलं.

बोर्ड बसवाले घेतला. जुना काढला, नवा ठेवला. पॉवरचे दोन प्लग असतात, काळे तार मधात एकमेकाजवळ आले पाहिजेत, नाई तर खेळ खलास. ते बरोबर केलं. मेमरीच्या चिपा, बारके बारके किडेच ते, आपापल्या घरात नीट बसल्या होत्या. पांढरी बटनं पुस्तकात पाहून लावली. राह्यले बोर्डासोबत आलेल्या पुडीतले पितळेचे बारीक ठोकळे. ते बोर्डाच्या खाली ठेवाचे, म्हणजे बोर्ड डब्याच्या पत्र्यापासून अधांतरी राह्यते. मी पाह्यलं आणि हसलो. आमच्या जिनिंगमध्ये पहिला धडा हाच, मशीन पायावर टेकली पाहिजे. फट राह्यली की थरथरते, थरथरली की तुटते. म्हणलं, नागपूरवाल्याईले काय समजते? ठोकळे बाजूले ठेवले, बोर्ड सरळ पत्र्यावर टेकवला आणि स्क्रू असे कसले की बैलगाडीचं चाकही हललं नसतं.

बटन दाबलं. पंखा अर्धा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं. अर्धा फिरला, थांबला.

तेवढ्यात दारात भाऊरावजी. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, हातात वांग्याची थैली. ते दारातच थबकले. मी बसल्या बसल्या म्हणलं, "या काका, बसा. मले उठता नाई येत."

ते खुर्ची घेऊन बसले, जरा दूर. माह्या मनगटाकडे पाह्यलं, मग ताराच्या मागं मागं नजर खिडकीबाहेर गेली. बाहेर गणपतराव मीठ टाकत होता आणि पुटपुटत होता.

"हे काऊन बांधलं, बापा?"

"माह्या अंगात करंट हाये ना काका. तो जमिनीत सोडा लागते."

"सोडता नाई येत काय हा तार?"

"काम होयेपर्यंत नाई. सोडला आन हात लागला की जळलंच समजा."

काकानं खुर्ची अजून मागं घेतली. मग हळूच म्हणाले, "पोरगी आली हाये संग. मावशीकडे जाऊ म्हणे, आन जाता जाता ते मशीनही पाहू म्हणे. बाहेर निंबाखाली उभी हाये."

कुंदा आंगणात! जिना सुटल्यापासून ज्या माणसासाठी बसच्या पाट्या वाचल्या, ते माणूस भिंतीपलीकडे उभं. आणि काच? काळी ठिक्कर. नाव काढून दाखवतो म्हणलतं ना मी? रिकाम्या काचेपुढं तिले कसं उभं करू?

"तिले म्हणा थोडंसं थांब," मी म्हणलं. "हे चालू झालं की मीच आवाज देतो."

आणि दाबत राह्यलो बटन. अर्धा फिरे, थांबे. अर्धा फिरे, थांबे. घाम, कुंकू, सगळं बोर्डावर टपकाच्या बेतात.

मधातच मनगटाले हलकासा हिसका बसला. कोणीतरी बाहेर ताराले हात लावलता. मले वाटलं गणपतराव अडखळला. मी जोरात खेकसलो, "ताराले हात लावू नका!"

बाहेर गणपतरावचं पुटपुटणंही थांबलं.

काका उठले. माह्या डोक्यावर हात ठेवला. डोळे भरून आलते त्यायचे. म्हणाले, "जिवाले जपजो, बापा. जेवत जाजो येळेवर." वांगे टेबलावर ठेवले आणि गेले.

आता तुम्हीच सांगा, पोरीचा बाप डोक्यावर हात ठेवून डोळे पुसते, वांगे देते, याचा अर्थ माणूस काय घेईन? मी घरी जाऊन मायले सांगितलं, जमलं. मायनं गल्लीले सांगितलं. दर आठवडी बाजाराले आंजीहून थैली येऊ लागली. कधी भेंडी, कधी कोहळं, संग निरोप, तब्येत कशी हाये. मायले गहिवर येई, आतापासून जावयाची एवढी काळजी! आम्ही घराले चुना मारून घेतला.

बोर्ड मात्र त्या दिवशी चालला नाई तो नाईच. वापस पाठवाचा म्हणून दुसऱ्या दिवशी स्क्रू ढिले केले, आणि ढिला असतानाच उगाच बटन दाबलं. पंखा फिरला. फिरतच राह्यला. टुं करून आवाज आला, काचेवर हिरवी अक्षरं आली. बोर्डाच्या पोटाखालचे सगळे सोल्डरचे टाके मी पत्र्याले टेकवून ठेवलते, करंट पत्र्यातच मरत होता. पितळेचे ठोकळे मुकाट्यानं जागेवर बसवले. मग इंग्रजीत तिचं नाव काढलं. नावाच्या पुढं एक बारीक चौकोन उघडझाप करत होता. मी किती येळ पाहत बसलो मले माहीत नाई. गणपतराव चहा घेऊन आला आणि सहज म्हणाला, "भाऊ, काल ताराले मी नोतो लागलो. त्या पोरीनं बोट लावलतं. हा कोणाचा तार म्हणे. मी म्हणलं, भाऊचा. तिनं हळूच ओढून पाह्यला, आन तुम्ही वरडले."

चहा तसाच थंड झाला.

पण म्हणलं, जाऊ दे, लगन झाल्यावर माफी मागू. आता तर ती आपलीच.

मग एक दिवस भाऊरावजी स्वतः आले, कपाळाले उदी, हातात प्रसादाची पुडी. मी उठून पाया पडलो. त्यायनं आधी माह्यं मनगट पाह्यलं, मोकळं होतं. चेहरा असा फुलला की काय सांगू.

"गिरडच्या दर्ग्याहून येऊन राह्यलो," म्हणाले. "तुह्यासाठी नवस बोललतो. टेकडी चढून फेडून आलो. बरा झाला न बापा तू?"

"मले काय झालतं, काका?"

त्यायनं ते ऐकलंच नाई. काचेकडे पाहून राह्यले होते. रोज सकाळी मशीन सुरू केली की मी आधी तेच नाव काढत होतो. काकाले इंग्रजी येत नव्हतं.

"हे काय लिहिलं हाये?"

माह्या तोंडात उत्तर होतं, पण त्याच्या आधी तेच बोलले. "कुंदाचं लगन जमलं, साक्षगंधही झालं मागच्या हप्त्यात. आर्वीकडचा मास्तर हाये. तुह्या मामाले सांगाची हिंमत नाई झाली, तुले बांधून ठेवलेलं, अशा हालतीत कसं सांगाव? ती लय रडली रे त्या दिवशी मावशीकडे जाताना. म्हणे, चांगला माणूस होता." मग पुन्हा काचेकडे बोट. "हे काय हाये मंग?"

"मशीनचं नाव हाये," मी म्हणलं.

मग मी सगळं सांगितलं. तार, मीठ, टेरिलिन, कुंकू, पितळेचे ठोकळे. काका खाली पाहून ऐकत होते.

"म्हणजे तुले काईच नोतं झालं?"

"नाई."

"तार सोडता आला असता?"

"हाव. दोन येढे होते."

"पोरगी बाहेर निंबाखाली उभी होती. मंग तू उठला काऊन नाई?"

पुस्तकात लिहिलतं म्हणून? काच काळी होती म्हणून? मी प्रसादाच्या पुडीकडे पाहत बसलो.

काकानं टोपी नीट केली, उठले, आणि दारातून वळून माह्याकडे असं पाह्यलं की त्या दिवशीपेक्षाही जास्त कीव आली असन त्यायले.

"बिमार असता तर बरा झाला असता, बापा," म्हणाले. "याले आता मी कोणाले नवस बोलू?"