अमृतराव आणि लाल झालेला कापूस

आमच्या अमृतराव अडत्याला 'कुंकूशेट' हे नाव कुणी दिलं, मला ठाऊक नाही. मी ते फक्त चार गावांत पोचवलं.

निजामशाही गेली तरी पैनगंगेवरचा करोडगिरीचा नाका काही वर्षं राहिलाच. कापूस पलीकडे न्यायचा तर जकात भरा. म्हणून आमच्या तलमडुगूकडचा कापूस सरकी काढायला अलीकडच्याच जिनात जायचा. मग नाका उठला, माल मोकळा झाला. मुंबईच्या एका कंपनीला जपानला पाठवायच्या रुईसाठी नवा कारखाना काढायचा होता. आता तो नदीच्या कुठल्या काठावर, एवढाच प्रश्न. अलीकडे आला तर आमच्या गावाला काम, नाहीतर गाड्या जन्मभर पलीकडे. कंपनीचा पारखी माल पाहायला यायचा होता आणि अमृतरावानं आधीच सांगून टाकलं होतं, कारखाना आलाच समजा.

त्या सकाळी त्याच्या अंगणात निवडक कापसाची रास लागली. राशीच्या पायथ्याला चिमूटभर कुंकू वाहायची आमची रीत. अमृतरावाचं चिमटीनं भागतं होय? त्यानं ओंजळभर कुंकू शेंड्यावरून सोडलं.

पारख्यानं राशीत हात घालून पुंजका काढला, उजेडात धरला. गुलाबी. रंगीत धागा निघाला तर जपानची गिरणी गाठी परत धाडते, असं त्यानं शांतपणे सांगितलं.

सारं गाव बघत होतं. अमृतराव हसून म्हणाला, "बाईमानसाचं काम हाये, साहेब. तिले काय समजते?"

त्याची बायको मनकर्णा दारात चहा घेऊन उभी होती. तिनं कप पारख्यापुढं ठेवला. अमृतरावानं माफीसाठी हात जोडले, तेव्हा त्याचे तळवे साऱ्यांनी पाहिले. मनगटापर्यंत लाल. पारख्यानं नजर चहात घातली. तो हसला असता तर बरं झालं असतं.

दुपारपर्यंत थांबतो, लाल पुंजके वेचून काढा, असं पारखी म्हणाला. बाया वेचायला बसल्या. अमृतराव आत जाऊन दडला. बऱ्याच वेळानं पागोटं काढून बाहेर आला आणि बायकोशेजारी बसला.

"कुंकू मीच टाकलं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हिचा काई दोष नाई."

मनकर्णानं वर पाहिलं नाही. "सरका तिकडं. उजेड अडून राह्यला."

माल विकला गेला. कारखाना मात्र पलीकडे झाला. तिकडे वीज होती, सडक होती, असं पारखी सांगून गेला. गावानं ते मानलं नाही, अमृतरावानं तर नाहीच.

पण त्याला छळत होतं ते दुसरंच, बायकोवर ढकललेलं ते खोटं. पुढं कुणी परका व्यापारी आला, की तो मनकर्णाला हाक मारायचा आणि खाली मान घालून म्हणायचा, "भाव हिलेच इचारा." मनकर्णा असा चढा भाव सांगायची, की व्यापारी चहालाही थांबत नसे. अमृतराव तो चहा स्वतःच पिऊन टाकायचा.